घेणं आणि मानणं

इ.स. 794 च्या जून महिन्यात शार्लमेननं फ्रँकफुर्टला धर्मसभा भरवली. राज्यभरातले बिशप आले, रोमहून पोपचे प्रतिनिधी आले. त्या सभेच्या ठरावांची यादी टिकून राहिली आहे आणि ती वाचताना माणूस चक्रावतो. पहिलं कलम येशू ख्रिस्ताबद्दल आहे. तो देवाचा औरस पुत्र, की माणूस म्हणून जन्मल्यावर दत्तक घेतलेला? स्पेनमधले काही बिशप दत्तक म्हणत होते, त्यांना पाखंडी ठरवलं गेलं. दुसरं कलम पवित्र चित्रांबद्दल. त्यांना वंदन करावं असा निर्णय ग्रीकांनी सात वर्षांपूर्वी नायकियाच्या सभेत घेतला होता, तो इथं धुडकावला गेला. तिसऱ्यात बव्हेरियाच्या पदच्युत ड्यूकनं मागितलेली माफी. चौथ्यात एकदम धान्याचे भाव : एका मापाला ओटसाठी 1 डेनारियस, जवासाठी 2, रायसाठी 3, गव्हासाठी 4, आणि दोन-दोन पौंडांचे गव्हाचे 12 पाव 1 डेनारियसला. मग पाचव्यात तो डेनारियसच.

मी जन्मभर बँकेत रोखपाल होतो. त्यामुळे साहजिकच पाचवं कलम आधी वाचलं आणि देवाच्या पुत्राकडे नंतर वळलो.

कलम असं सांगतं : राजानं नवे डेनारियस पाडले आहेत. त्यांच्यावर राजाचं नाव असेल, चांदी शुद्ध असेल आणि वजन पुरेपूर असेल, तर ते राज्यात कुठेही, कुठल्याही व्यवहारात चाललेच पाहिजेत. जो स्वतंत्र माणूस ते नाकारेल त्याला 15 सॉलिडस दंड. जो स्वतंत्र नाही त्याचा माल जप्त, नाहीतर खांबाला बांधून उघड्या अंगावर फटके. एका सॉलिडसचे 12 डेनारियस धरायचे, म्हणजे दंड झाला 180 डेनारियस. चौथ्या कलमातल्या दरानं हिशोब केला तर 2,160 पाव. एक नाणं परत केल्याबद्दल!

एकाच कागदावर, चार कलमांच्या अंतरानं, दोन नकार गुन्हा ठरले. धर्मसिद्धांत नाकारणारा पाखंडी, नाणं नाकारणारा दंडास पात्र. त्या सभेतल्या माणसांना यात विसंगत काही वाटलं नसावं. राजा देवाच्या कृपेनं राजा; त्यानं सांगितलेलं मानायचं आणि त्यानं पाडलेलं घ्यायचं. मला मात्र इथे एक प्रश्न अडतो. नाणं घेणं ही मानण्याची क्रिया आहे का? नाण्यावर जे लिहिलंय, जो चेहरा आहे, त्याला मी नाणं खिशात टाकताना होकार देतो का?

प्रश्न जुना आहे. शुभवर्तमानात येशूला अडचणीत आणण्यासाठी विचारलं जातं की रोमला कर द्यावा की नाही. तो नाणं मागतो, त्यावर चेहरा कुणाचा आहे ते विचारतो, आणि ज्याचं त्याला द्या, देवाचं ते देवाला द्या, असं सांगून मोकळा होतो. टर्टुलियननं यातून पुढचं पाऊल टाकलं. नाण्यावर कैसराची प्रतिमा आहे म्हणून नाणं कैसराचं. माणसावर देवाची प्रतिमा आहे, तेव्हा माणूस देवाचा. पैसा तिकडे द्या, स्वतःला इकडे द्या. मांडणी सुरेख आहे, पण ती एका गोष्टीवर उभी आहे. नाण्यावर देवाचा चेहरा नसला पाहिजे.

कॉन्स्टँटिनोपलच्या दुसऱ्या जस्टिनियननं नेमका तोच चेहरा आणून ठेवला. 690 चं दशक नुकतंच सुरू झालं होतं. त्याच्या सोन्याच्या सॉलिडसवर दर्शनी बाजूला ख्रिस्त : लांब केस, दाढी, डोक्यामागे क्रूस, भोवती राज्य करणाऱ्यांचा राजा अशा अर्थाची लॅटिन अक्षरं. सम्राट स्वतः मागच्या बाजूला गेला, क्रूस धरून उभा, आणि शब्द ख्रिस्ताचा सेवक. वरवर पाहता ही नम्रता. मला ती तितकी नम्र वाटत नाही. दर्शनी बाजू देवाला दिली की नाण्याची मागची बाजू आपोआप देवाच्या पाठीशी जाऊन उभी राहते. येशूचा प्रश्न आता विचारून पाहा. चेहरा कुणाचा? ख्रिस्ताचा. मग कर कुणाला द्यायचा?

याच जस्टिनियनबद्दल थिओफॅनीझ हा ग्रीक वृत्तांतकार एक हकीगत सांगतो. दमास्कसचा खलिफा अब्द अल-मलिक तहाप्रमाणे सम्राटाला खंडणी पाठवत होता. एकदा ती नव्या छापाच्या नाण्यांत आली. सम्राटानं घ्यायला नकार दिला. खलिफानं विनवलं की वजन तेच आहे, सोनं तेच आहे, रोमी लोकांचं काही नुकसान होत नाही. सम्राट ऐकेना. तह मोडला, लढाई झाली आणि जस्टिनियन हरला. थिओफॅनीझनं हे शंभरेक वर्षांनंतर लिहिलं, त्यामुळे कोणता छाप कधीचा याबद्दल अभ्यासकांची खळखळ आहे. पण सम्राटाचा हट्ट कशावर होता ते त्यानं नेमकं टिपलंय. तोलून पाहिलं तर फरक शून्य, वाचून पाहिलं तर सगळाच फरक. सम्राटाच्या दृष्टीनं घेणं म्हणजे मानणंच होतं.

खलिफालाही पुढे तसंच वाटलं म्हणायचं. हिजरी 77 मध्ये, म्हणजे 696-97 साली, त्याच्या दिनारवरून माणसाचं चित्र कायमचं गेलं. दोन्ही बाजूंना नुसती अक्षरं. देव एकच, त्याला भागीदार नाही, मुहम्मद त्याचा प्रेषित. आणि कडेनं कुराणातलं ते वचन, ज्याचा आशय असा की हा सत्यधर्म बाकी सगळ्या धर्मांवर वरचढ ठरावा म्हणून प्रेषिताला पाठवलं गेलं.

जस्टिनियनचं पुढे फार वाईट झालं. 695 मध्ये त्याला पदच्युत करून नाक कापलं, आणि त्याच्या जागी आलेल्यानं नाण्यावरून ख्रिस्ताला हटवलं. दहा वर्षांनी तो बिननाकाचा परत आला, ख्रिस्तही परत आला, पण यावेळी वेगळाच : आखूड कुरळे केस, तुरळक दाढी. एकाच राजाच्या टांकसाळीत देवाचे दोन चेहरे. कोणता खरा हे कुणी विचारलं असेल तर ते नोंदलेलं नाही; बाजारात दोन्ही सोन्याच्या भावानंच गेले असणार. 711 मध्ये त्याला ठार मारलं, आणि तिथल्या नाण्यांवर ख्रिस्त पुन्हा यायला मूर्तिभंजनाचा वाद मिटावा लागला, म्हणजे 843 नंतरचा काळ.

आता उलट टोकाचं नाणं. ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि युरोपातल्या मध्ययुगातलं मला सर्वांत आवडतं नाणं तेच. इंग्लंडच्या मधल्या भागात मर्शिया नावाचं राज्य होतं. 757 ते 796 तिथं ऑफा राजा होता. त्याचे चांदीचे पेनी सुबक आहेत, काहींवर कुरळ्या केसांचा त्याचा चेहरा आहे. त्याची राणी किनथ्रिथ हिच्या नावानंही पेनी पाडले गेले, जे इंग्लंडच्या त्या काळातल्या दुसऱ्या कुठल्याच राणीच्या वाट्याला आलं नाही. म्हणजे नाण्यावर काय घालायचं याची त्या दरबारात चांगली जाण होती. आणि अशा या ख्रिस्ती राजाचं एक सोन्याचं नाणं असं आहे : खलिफा अल-मन्सूरच्या हिजरी 157 च्या, म्हणजे 773-74 च्या, दिनारची हुबेहूब नक्कल. अरबी अक्षरं, कलिमा, सालसुद्धा हिजरी. मागच्या बाजूला मुहम्मद, रसूल, अल्लाह असे तीन शब्द एकाखाली एक आहेत. त्यांच्या मधल्या फटींत लॅटिनमध्ये कोरलंय : ऑफा रेक्स. ऑफा राजा. आणि ते अरबी मजकुराच्या तुलनेत उलटं, डोकं खाली पाय वर असं.

ठसा कोरणाऱ्याला अरबी येत नव्हतं हे उघड आहे. अक्षरांत किरकोळ चुका आहेत, पण हात इतका काटेकोर की वाचता येतं. त्यानं अक्षरं नक्षीसारखी उतरवली. कोणती बाजू वर हे त्याला कळायचं कारणच नव्हतं. त्यानं आपल्या राजाचं नाव जिथं जागा सापडली तिथं बसवलं. परिणाम असा की एका ख्रिस्ती राजानं, जगातल्या सगळ्या धर्मांवर इस्लाम वरचढ आहे असं जाहीर करणाऱ्या मजकुराच्या पोटात स्वतःची सही केली, तीही शीर्षासनात.

याची एक मजेशीर पुरवणी आहे. पोप तिसरा लिओ यानं ऑफाच्या नंतरच्या राजाला लिहिलेल्या पत्रात आठवण करून दिली की ऑफानं दर वर्षी 365 मँकस, दिवसाला एक याप्रमाणे, सेंट पीटरला द्यायचं वचन दिलं होतं. गरिबांसाठी आणि दिव्याबत्तीसाठी. मँकस म्हणजे 30 चांदीच्या पेनींच्या मोलाचं सोनं, दिनारच्या जवळपासचं. यावरून काहींनी तर्क केला की हा दिनार त्याच नवसातला. कलिमा कोरलेलं सोनं पोपच्या समईच्या तेलासाठी! गोष्ट इतकी रंगतदार आहे की तिच्यावर विश्वास ठेवायचा मोह होतो. माझी रोखपालाची सवय आड येते. पुरावा नाही. मला जास्त सरळ कारण पटतं : त्या काळी भूमध्य समुद्राच्या काठांवर सोनं म्हणजे दिनार. ज्याला तिथं सोनं खपवायचंय त्यानं लोकांना ओळखीचं वाटेल असंच नाणं पाडायला हवं. ऑफाचा चेहरा तिथं कुणालाच ठाऊक नव्हता. अरबी अक्षरांचा तो आकार सगळ्यांना ठाऊक होता.

पण नवस असो की व्यापार, प्रश्न तोच राहतो. जस्टिनियननं ज्या तऱ्हेचं नाणं घ्यायलाही नकार दिला, तसंच ऑफानं स्वतः पाडलं. दोघंही ख्रिस्ती. मग ऑफा पाखंडी ठरला का? कुणीच तसं म्हटलं नाही, कारण कुणी वाचलंच नाही. आणि वाचलं असतं तरी? इथं मी ऑफाच्या, किंवा त्याच्या त्या अडाणी पण नेक कारागिराच्या, बाजूनं आहे. नाण्यावरच्या मजकुराला श्रद्धेचं विधान समजायचं असेल तर ते विधान करणारा कुणीतरी लागतो. पाडणारा ते करत नाही, त्याला फक्त चलन चालवायचंय. घेणारा करत नाही, तो पुढच्याला देण्यासाठी घेतोय. हातोहात फिरणाऱ्या वस्तूवरचं वाक्य कुणाच्याच तोंडचं नसतं.

आपल्याकडे हे कळायला लांब जावं लागत नाही. रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा महाराजांच्या शिवराईवर देवनागरीत श्री राजा शिव आणि छत्रपति असं आलं. तिथं नावाला खरोखर काही म्हणायचं होतं. शंभर वर्षांनी पेशव्यांचं राज्य ऐन भरात असताना चांदवडी आणि अंकुशी रुपयांवर नाव दिल्लीच्या बादशहाचं, लिपी फारसी. सराफानं त्या रुपयाला बट्टा लावायचा तो चांदी घटली म्हणून, बादशहा दिल्लीत कैद्यासारखा बसलाय म्हणून नव्हे. पुण्याच्या एखाद्या भटजींनी दक्षिणेचा रुपया घेताना त्यावरचं फारसी वाचून सोवळं बदललं असेल असं मला वाटत नाही.

आता फ्रँकफुर्टकडे परत जातो, कारण तिथलं पाचवं कलम मी पहिल्या वाचनात जितकं क्रूर समजलो तितकं ते नाही. त्याच सुमाराला शार्लमेनच्या नावानं चित्रपूजेविरुद्ध एक मोठा ग्रंथ सिद्ध झाला होता. लिहिणारा थिओडल्फ, पुढे ऑर्लेयाँचा बिशप. त्यात त्यानं एक चपखल युक्तिवाद केलाय : कडेवर मूल घेतलेल्या सुंदर स्त्रीचं चित्र समोर आलं आणि खाली नाव नसेल, तर ती मेरी आहे की व्हीनस हे कशावरून ठरवणार? एक वंदनीय, दुसरी टाकाऊ, आणि रंग, लाकूड, रेषा सगळं सारखंच. म्हणजे पावित्र्य चित्रात नाही. शार्लमेनचा त्या वेळचा नवा डेनारियस पाहिला तर वाटतं थिओडल्फ टांकसाळीतही डोकावून आला असावा. त्यावर चेहरा नाही. कारोलुस या नावाची अक्षरं क्रूसाच्या आकारात बांधलेली, एवढंच. नाण्याचं वजन मात्र वाढवून सुमारे 1.7 ग्रॅम केलेलं; आधीचं 1.3 च्या आसपास होतं.

आणि कलमाचे शब्द पुन्हा पाहा. नाव असेल, आणि चांदी शुद्ध असेल, आणि वजन पुरं असेल तर. राजा नावावर थांबला नाही. त्यानं स्वतःच तीन अटी घातल्या, आणि त्यातल्या दोन अशा की त्या तपासण्याचा हक्क पाव विकणाऱ्यालाही आपोआप मिळाला. काटा लाव, वाजवून बघ, हिणकस निघालं तर परत कर. तुला शिक्षा नाही. पहिल्या कलमाला असा काटा नाही. दत्तक की औरस, हे कुठल्या पारड्यात तोलायचं? तिथं नुसतं नाव आणि आज्ञा. मला वाटतं, राजसत्तेला श्रद्धा आणि चलन यांतला भेद पुसायचा होता, पण चलनानं तो पुसू दिला नाही. फटक्यांच्या भीतीनं माणूस डेनारियस घेईल, पण भीतीनं घेतलेल्या डेनारियसचेही 12 पाव येतात. भीतीनं घेतलेल्या श्रद्धेचं काय येतं?

शार्लमेनचा मुलगा धर्मनिष्ठ लुई 814 मध्ये गादीवर आला. त्यानं बापापेक्षा सोपा मार्ग घेतला : सगळ्या साम्राज्यात एकच नाणं, एका बाजूला त्याचं नाव, दुसरीकडे एक देऊळ आणि भोवती ख्रिस्ती धर्म असे लॅटिन शब्द. गंमत म्हणजे ते देऊळ खांबांचं आणि त्रिकोणी माथ्याचं, जुन्या रोमी नाण्यांवरून उचललेलं. मधे फक्त क्रूस आणून बसवलेला. व्हीनसची मेरी झाली, नाव बदलून.

लुईच्या नावाच्या बाजूला मधोमध क्रूस आहे आणि त्याच्या चार कोनांत चार ठिपके. तो छाप मी नाण्यांच्या पुस्तकात पाहिला तेव्हा हसूच आलं. 2005 ते 2007 च्या दरम्यान आपल्याकडे दोन रुपयांचं स्टीलचं जे नाणं निघालं, त्यावर चार ठिपक्यांचा असाच आकार होता. विविधतेतली एकता दाखवण्यासाठी तो घातला, असा खुलासा होता. पण हा ख्रिस्ती क्रूस आहे म्हणून बरीच ओरड झाली. आमच्या काउंटरवरही एक वयस्क गृहस्थ आले, पेन्शनमधली सुटी नाणी बाजूला सारून म्हणाले, ‘‘साहेब, ही क्रूसाची नकोत, दुसरी द्या.’’

मी म्हटलं, ‘‘काका, दुसरी आज नाहीत. एसटीत कंडक्टर सुट्यासाठी भांडेल, तेव्हा उपयोगी पडतील.’’

त्यांनी क्षणभर विचार केला, नाणी रुमालात बांधली आणि गेले. पुढे नाण्यांवर नृत्याच्या हस्तमुद्रा आल्या आणि विषय संपला.

त्या वेळी मी मनात त्यांना हसलो होतो. आता तसं वाटत नाही. काका जस्टिनियनच्या पक्षाचे होते. नाणं वाचणारे. अशी माणसं थोडी असतात, आणि एसटीचा कंडक्टर त्यांना रोज हरवतो. पण नाण्यावर काही लिहिलंय ही गोष्ट त्यांच्यामुळेच शिल्लक राहते. आम्ही रोखपाल लाखो नोटा मोजतो. नोटेवर गव्हर्नरनं सही करून धारकाला वचन दिलेलं असतं. मी ते वचन नोकरीत कधी पुरं वाचलं नव्हतं, आणि वाचलं नाही म्हणून गल्ल्यात कधी रुपयाचा फरक आला नाही.

माझा सिद्धांत इथपर्यंत नीट चालतो. तो अडतो एका इंग्लिश पेनीपाशी.

1009 च्या ऑगस्टमध्ये थॉर्केलचं डॅनिश आरमार सँडविच बंदराला लागलं. राजा एथेलरेड हतबल होता. त्यानं बाथ इथून हुकूम काढला : सगळ्या प्रजेनं तीन दिवस भाकरी, पाला आणि पाणी यांवर उपास करायचा, अनवाणी चर्चला जायचं, दान द्यायचं. याच संकटाशी अभ्यासक एक अगदी वेगळा पेनी जोडतात. राजाचा चेहरा नेहमी जिथं असायचा तिथं देवाचं कोकरू, आणि पाठीमागे पंख पसरलेलं कबुतर, म्हणजे पवित्र आत्मा. राजा फक्त नावापुरता कडेला. जस्टिनियनच्याच काळात पूर्वेकडच्या बिशपांनी ख्रिस्ताला कोकराच्या रूपात दाखवू नये असा नियम केला होता. पश्चिमेनं तो मनावर घेतला नव्हता. कोकराचे पेनी थोडेच पाडले गेले. देवानं ऐकलं नाही असंच म्हणावं लागतं. आंग्ल-सॅक्सन वृत्तांत सांगतो की 1012 मध्ये त्या सैन्याला 48,000 पौंड मोजावे लागले. पौंडाला 240 पेनी धरले तर एक कोटी पंधरा लाखांच्या आतबाहेर. आर्चबिशप एल्फहेहला तर त्यांनी त्याच वर्षी ठार केलं.

डेन लोक नाणं कसं पारखत ते ठाऊक आहे. त्यांच्या पुरलेल्या ठेवींतली नाणी वाकवलेली सापडतात, त्यांच्यावर सुरीच्या टोकानं टोचलेल्या खुणा असतात. आत चांदीच आहे ना, एवढंच बघायचं. राजा कुणाचा, देव कुणाचा, याच्याशी काही देणंघेणं नाही. माझ्या पंथाचे अगदी कट्टर अनुयायी म्हणायला हरकत नाही. आणि कोकराचे जे मोजके पेनी आज उरले आहेत त्यांतले बरेचसे इंग्लंडमध्ये नव्हे, स्कँडिनेव्हिया आणि बाल्टिकच्या बाजूला सापडले. त्यांतल्या कित्येकांना भोक पाडलेलं किंवा कडी बसवलेली आहे. गळ्यात घालण्यासाठी.

म्हणजे खंडणीच्या ढिगातून कुणीतरी ती नाणी वेगळी काढली. इतर पेनींना सुरी लागली, यांना दोरा. घालणारे नव्यानं ख्रिस्ती झालेले होते, की त्यांना कोकरू नुसतंच आवडलं, की शत्रूचा देव गळ्यात असला तर बरा असा त्यांचा व्यवहारी विचार होता, यावर मी बराच वेळ घालवला आहे. तिन्ही शक्यता मला पटतात. पण कुठलीही धरली तरी ती माणसं नाण्याला चलन म्हणून नाकारत होती. एक पूर्ण वजनाचा पेनी, ज्याचं बाजारात काहीतरी आलं असतं, त्यांनी भोक पाडून हिशोबाबाहेर काढला. फ्रँकफुर्टच्या कलमाला असा नकार सुचलाच नव्हता, आणि मलाही त्याची रक्कम कुठल्या रकान्यात मांडायची ते सुचत नाही.